आधी राक्षसाचे दात

आमच्या धाकटीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, नवरा दात बनवतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतात. आमचे जावईबापू तोंड न बघताच दात करतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, ते डब्यात घालून लॅबमध्ये पाठवतात, आणि तिथल्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसून जावईबापू प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात रोवतात आणि त्याची कवळी करतात. बावीस वर्षं हेच काम. 'अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं, पण रस्त्यात मला कोणी ओळखत नाही,' हे त्यांचं आवडतं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माणूस बरा वाटला होता. पंधराव्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, अर्धं शहर कशाला हसतं तेही एकदा विचारून घ्या.

कारण हसण्यासारखं होतंच. सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ. डोक्यावरचे केस गेलेले, पोट पुढे आलेलं, शर्टाच्या बाहीला कायम कवळीच्या हिरड्यांची गुलाबी पूड. हा माणूस लॅबमधून घरी येतो, हात धुतो, चहा घेतो आणि मागच्या खोलीत जाऊन बाहुल्यांशी खेळतो.

बाहुल्या म्हटलेलं त्यांना लागतं. त्यांचा शब्द 'मिनिएचर'. अंगठ्याएवढे महानायक, पाठीवर बैलासारखी झूल, मुठी वळलेल्या, पोटावर स्नायूंच्या सहा-सहा वड्या. आणि त्यांच्यासमोर मांजराएवढे राक्षस. एका जुन्या टेबल टेनिसच्या टेबलावर पुठ्ठ्याचं अख्खं शहर वसवलेलं. त्या शहरातल्या निम्म्या इमारती माझ्या वॉर्डातल्या औषधांच्या खोक्यांच्या आहेत. मी नर्स आहे, आता वॉर्डची प्रमुख. खोकी रद्दीत जातात ती धाकटीने मागितली, मी दिली. मला वाटलं, कपड्यांचे कप्पे करत असेल. एकदा त्या खोलीत डोकावले तर बँकेच्या मागच्या भिंतीवर 'जेवणानंतर एक' असं लिहिलेलं, आणि बँकेच्या गच्चीवर एक निळ्या चड्डीतला माणूस हात उंचावून उभा.

खेळ कसा, हेही मला एकदा ऐकावं लागलं. एकाने राक्षस घ्यायचा, बाकीच्यांनी नायक. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं, जितके इंच नियमात असतील तितकेच पुढे सरकायचं. राक्षसाने इमारत पाडली की त्याला गुण, नायकांनी माणसं वाचवली की त्यांना गुण. नियमांचं पुस्तक माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकाहून जाड. जावईबापूंनी ते चार वेळा वाचलंय. मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक मात्र आजवर धाकटीनेच वाचलं. हे सही करत आले.

त्यांच्या संग्रहात एक अदृश्य नायक होता. म्हणजे नुसती गोल बैठक, वर काही नाही. ती रिकामी बैठक त्यांनी तीन दिवस खपून रंगवली होती, गवत लावून, दोन पावलांचे ठसे काढून. मी एका सुट्टीला धाकटीकडे गेले होते. खोली झाडून दिली, कारण ती झाडण्याच्या लायकीची होती. केरात तो नायक गेला. जावईबापू नुसते कचऱ्याच्या डब्यापाशी उकिडवे बसून राहिले. मी म्हणाले, अहो, तो अदृश्यच होता ना, मग आता तरी कुठे वेगळा दिसतोय? धाकटी हसली. ते हसले नाहीत.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, पण हा न्हावी रिकामाही नव्हता. लॅबमध्ये कामाचा ढीग असायचा. पण यांचे हात एकदा राक्षसावर बसले की माणसांना थांबावं लागे. आणि हत्यारं तीच. दात कोरायची सुई, मेण वितळवायचा दिवा, हिरड्यांचा गुलाबी रंग. डॉक्टर लोक दातांची शेड ठरवायला छटांची पट्टी वापरतात, पेशंटच्या ओठाशी धरून. आमचे जावईबापू ती पट्टी घरी आणून राक्षसाच्या तोंडाशी धरायचे. 'हा खोल समुद्रातला आहे ताई, ह्याचे दात इतके पांढरे नसणार,' असं मला त्यांनी तोंड गंभीर ठेवून सांगितलं होतं.

यातूनच तो प्रसिद्ध घोटाळा झाला. लॅबमध्ये सगळ्या पेशंटचे जबडे एकाच जातीच्या पांढऱ्या डब्यांत असतात, वर चिठ्ठी. जावईबापू आपल्या राक्षसाचा खालचा जबडा लॅबच्या भट्टीत पक्का करायला घेऊन गेले होते, तोही त्याच डब्यात. एक डबा एका डॉक्टरांकडे गेला. खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश तोंड उघडून बसलेले. डॉक्टरांनी डबा उघडला, हात घातला, आणि बाहेर काढले ते चौदा सुळे, एकेक बोटभर लांब, खाली माणसाच्या असाव्यात तशा ओल्या दिसणाऱ्या गुलाबी हिरड्या. न्यायाधीशांनी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'यात जरा लहान मिळेल का?'

दुसरा कोणी असता तर त्या दिवशी नोकरी गेली असती. जावईबापूंना डॉक्टरांचा फोन आला तो वेगळाच. म्हणाले, हिरड्यांना हा ओलसरपणा कसा आणलात, माझ्या पेशंटना का देत नाही? लॅबच्या मालकीणबाईंनी मात्र डब्यांवर लाल चिठ्ठ्या लावल्या आणि राक्षसांना लॅबमध्ये बंदी केली. बंदी आठवडाभर टिकली. त्यांच्या हातासारखा हात दुसरा नव्हता, आणि हे मालकीणबाईंनाही माहीत होतं आणि दुर्दैवाने जावईबापूंनाही.

आता अशा माणसाच्या हातात मी माझे बाबा दिले.

बाबा बस डेपोत घोषणा करायचे. एकतीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, किती उशीर, कोणाचं मूल हरवलं, कोणाची पिशवी सापडली, सगळं त्यांच्या आवाजात. आम्ही लहानपणी डेपोजवळ राहायचो; घरात नसले तरी बाबा दिवसभर ऐकू यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना घरातही तसंच बोलायची सवय होती. आई आतून म्हणायची, अहो, मी फलाटावर नाही, स्वयंपाकघरात आहे.

आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होते, दुसऱ्या कोणाच्या आईच्या उशाशी. ते मला अजून बोचतं. म्हणून मी तेव्हाच ठरवलं की बाबांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. त्यांनी माझ्याकडे राहायचं, माझ्या नजरेसमोर. मी खोली तयार केली. न्हाणीघरात धरायला दांडा, खाली घसरणार नाही अशी चटई, पलंगाला कठडा, उशाशी बटण. दाबलं की माझ्या स्वयंपाकघरात घंटा वाजते. अशी खोली मी कित्येकांच्या नातेवाइकांना करायला सांगितली होती. ती एकदा माझ्या माणसासाठी केली. बाबांनी त्या खोलीत यावं, आणि मी त्यांचं सगळं करावं, यापलीकडे मला काहीही नको होतं.

तेवढ्यात त्यांच्या उरल्यासुरल्या अकरा दातांनी दगा दिला. हिरड्या सुजल्या, पू झाला, डॉक्टरांनी सगळे दात काढले. तोंडाचं बोळकं झालं. त्या दिवसापासून बाबा बोलायचे बंद झाले. बोलता येत होतं, पण ज्या माणसाने एकतीस वर्षं शब्द पायरी मोजल्यासारखे स्पष्ट टाकले, त्याला स्वतःचा तो फुसफुस आवाज सोसेना. विचारलं तर मान हलवायचे. हो-नाही एवढंच.

ठरलं असं की हिरड्या भरेपर्यंत आणि कवळी होईपर्यंत बाबा धाकटीकडे राहतील. लॅब दोन गल्ल्या पलीकडे, जावई घरचा, चार वेळा मेणातले दात बसवून बघावे लागतात, ते सोपं जाईल. कवळी झाली की बाबा माझ्याकडे, कायमचे. जावईबापू म्हणाले, 'तीन महिने हिरड्यांना, वर महिनाभर मला. ताई, अशी कवळी करतो की बाबा अक्रोड फोडतील.'

चार महिने झाले. मग पाच झाले. मी दर गुरुवारी फोन करायची. कधी मेण नीट बसत नव्हतं. कधी चावा जुळत नव्हता, म्हणजे वरचे दात खालच्यावर नीट टेकत नव्हते. एकदा म्हणाले, बाबांच्या ओठांची ठेवण बदलली आहे, परत माप घ्यावं लागेल. एकदा तर दातांची छटाच पसंत पडली नाही. कोणाला, असं मी विचारलं. म्हणाले, 'मला.' नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या. माझ्या तयार खोलीतल्या पलंगावरची चादर मी तीन वेळा धुऊन परत घातली, त्यावर कोणी झोपलेलं नसताना.

आणि त्याच दिवसांत त्यांच्या मंडळाची स्पर्धा जाहीर झाली. मंडळ म्हणजे हे, एक बेकरीवाला, एक विमा एजंट आणि मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. चार मोठी माणसं, पैकी तिघांना चष्मा. दर शनिवारी लॅब दुपारी बंद झाली की धाकटीच्या मागच्या खोलीत जगाचा बचाव सुरू. स्पर्धेसाठी जावईबापू नवा राक्षस घडवत होते. नाव 'दलदल्या'. हातभर उंच, पाठीवर शेवाळ, आणि तोंडात चौसष्ट दात. चौसष्ट. प्रत्येक दात वेगळा कोरलेला, वेगळा बसवलेला, मुळाशी पिवळट, टोकाला निळसर.

मी सहाव्या महिन्यात एकदा जेवणाच्या वेळेला अचानक गेले, मुद्दामच. टेबलावर दलदल्या वाळत ठेवलेला. त्याच्या शेजारी बाबा, समोर सूपची वाटी, आणि ते मान खाली घालून चमचा चमचा पीत होते. माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "जावईबापू, याला किती दात?"

"चौसष्ट."

"आणि याला?" मी बाबांकडे बोट केलं.

त्यांचे कान लाल झाले. या माणसाला खोटं बोलता येत नाही, कान लगेच सांगतात; मला वाटलं, लाज वाटली.

"तुम्हाला प्लास्टिकच्या राक्षसाच्या तोंडाची काळजी आहे. ज्याने तुम्हाला मुलगी दिली त्या माणसाने सहा महिने दाताखाली काही घेतलं नाही. तुम्ही दात बनवता की दात विचकता?"

धाकटी म्हणाली, "ताई, पुरे."

"का पुरे? तुमच्या घरात आधी राक्षसाचे दात, मग माणसाचे, असा नियम आहे का? कुठल्या पानावर?"

जावईबापू चमचा खाली ठेवून म्हणाले, "चूक माझीच आहे, ताई. करतो लवकर."

बाबांनी वर बघितलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, ओठांना लागलेलं सूप पुसलं आणि निघाले. जिना उतरताना मला रडू आलं. रागाने येतं तसं.

त्यानंतर महिनाभराने मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि थेट लॅबमध्ये गेले. शनिवार होता. जावईबापू नुकतेच घरी गेले होते, ते बरंच झालं. मालकीणबाई भट्टी बंद करत होत्या. मी ओळख सांगितली, आणि म्हणाले, माझ्या वडिलांची कवळी सात महिने इथं पडून आहे, ती कोणीतरी दुसऱ्याने पुरी करा, नाहीतर आमचं माप परत द्या.

त्यांनी भट्टीचं दार सोडलं. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची? डेपोवाल्या आजोबांची? ती तर केव्हाच झाली हो. तीन महिने होऊन गेले. मी स्वतः हातात घेऊन बघितली. दहा वर्षांत अशी कवळी इथून गेली नसेल. सुट्टीच्या दिवशी येऊन करायचे, मला किल्ली मागून. बोलताना शिट्टी वाजू नये म्हणून पुढचे दात अकरा वेळा काढून बसवले. मी म्हटलं, अहो, सासरे आहेत, गायक नाहीत. तर म्हणाले, त्याहून अवघड आहे."

मी रस्त्यावर आले. डोक्यात एकच विचार, आणि तो आज सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, या माणसाने माझ्या बाबांचे दात दलदल्याच्या तोंडात बसवले. तसे ते फारच खरे दिसत होते. चौसष्टात बत्तीस कोणाच्या लक्षात येणार? मी तरातरा चालत सुटले. वाटेत मी त्याला काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं, त्यातलं निम्मं मी आयुष्यात कधी तोंडातून काढलेलं नाही.

धाकटीच्या दाराला कडी लावलेली नव्हती. मी आत पाऊल टाकलं आणि मला आवाज ऐकू आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर दलदलीतून येणारा राक्षस तीन इंच उशिरा येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. नदीकाठच्या इमारतींनी आपले सामान स्वतः सांभाळावे."

मी चपला घालूनच उभी राहिले. तो आवाज मी सात महिने ऐकला नव्हता. एकेक अक्षर सुटं, खणखणीत, शेवटचा शब्द किंचित खाली सोडलेला. आत माणसं हसत होती.

"बाबा, थांबा, तुम्ही चुकताय," हा जावईबापूंचा आवाज. "पाण्यात उभा असेल तर तो तीन इंच जात नाही. दोनच. पान एकोणचाळीस."

"पान एकोणचाळीस माझ्यापुढे नाचवू नका. तो दलदलीतलाच आहे. त्याला पाणी कसलं आडवं येतंय? तुम्हाला तुमच्या घरात चालताना नियम लागतात का?"

"बाबा, नियम म्हणजे नियम."

"मग नियम चुकलाय."

"कबूल करा की तुम्ही हरताय."

"हरतोय कोण? बाई, तुम्ही मोजा. तुमचं गणित आहे."

मी दारात गेले. टेबलाच्या त्या बाजूला बाबा उभे होते. बसलेले नव्हते, उभे. बाह्या सरसावलेल्या. एका हातात दलदल्या, दुसऱ्या हातात सफरचंद, त्याला मोठा चावा घेतलेला. गाल भरलेले, ओठ जागेवर, दहा वर्षांनी लहान दिसत होते. गणिताच्या बाई मोजपट्टी धरून वाकल्या होत्या. बेकरीवाला आणि विमा एजंट पुठ्ठ्याच्या पुलाशी गुडघे टेकून.

बाबांना मी दिसले.

त्यांनी सफरचंद टेबलावर ठेवलं, पुठ्ठ्याच्या बँकेशेजारी. पाठ वळवली नाही, काही नाही. तोंडाशी हात नेला, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही शर्टाच्या खिशात टाकल्या. चेहरा आत बसला. खांदे उतरले. हळूच मागची खुर्ची चाचपून ते खाली बसले आणि मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघू लागले. माझ्या ओळखीचे बाबा, सूप पिणारे. हे सगळं अगदी सरावाने झालं. गेल्या तीन महिन्यांत मी जेवढ्या वेळा आले होते, तेवढ्या वेळा हे झालं होतं.

जावईबापूंचे कान लाल झाले. म्हणाले, "चूक माझीच आहे, ताई."

"तुम्ही गप्प बसा."

धाकटी स्वयंपाकघरातून आली होती, हात ओले. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "इथं सगळ्यांना माहीत आहे, ताई."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. म्हणजे बेकरीवाल्यालाही माहीत होतं. माझ्या बाबांच्या तोंडात काय आहे ते एका बेकरीवाल्याला माहीत होतं.

मी म्हणाले, "बाबा, चला. सामान भरा. कवळी झाली आहे, आता काही अडचण नाही. खोली तयार आहे."

बाबांनी जावयाकडे बघितलं. जावईबापूंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाबांनी खिशातून दोन्ही कवळ्या काढल्या, पाण्यात बुडवल्या, आधी वरची बसवली, मग खालची, दोनदा चावून जागेवर आणल्या. घाई केली नाही. मग बोलले.

"यांना काही बोलू नकोस. मीच शपथ घातली होती. या माणसाने तुझ्या शिव्या माझ्यापायी खाल्ल्या. चार वेळा म्हणाले, सांगून टाकू या. मी नको म्हटलं."

"पण का?"

"कारण कवळी झाली की तुझ्याकडे यायचं ठरलं होतं. मला तुझ्याकडे यायचं नाही."

हे त्यांनी चढ्या आवाजात म्हटलं नाही. डेपोत एखादी गाडी रद्द झाली की सांगायचे तसं सांगितलं.

"माझ्याकडे काय कमी आहे, बाबा?"

"काहीच कमी नाही. घंटासुद्धा आहे."

"मग इथं काय आहे? हे? ही बाहुल्यांची..."

"बाहुल्याच आहेत," बाबा म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय? हा माणूस अर्धवट आहे, हेही मला दिसतं. पण हा मला दिवसातून दहादा सांगतो, तुम्ही चुकताय. काल एका नियमावरून आम्ही जेवण थंड होईपर्यंत भांडलो. परवा मी खोटा फासा टाकला, तर सगळ्यांसमोर माझा राक्षस उचलून बाहेर ठेवला. तुझ्याकडे मी चुकलो, तर कोण सांगणार?"

"मी सांगेन की."

"तू नाही सांगणार. तुझ्या वॉर्डात म्हाताऱ्यांशी बोलताना मी ऐकलंय तुला. तुझं मन चांगलं आहे. तू 'हो बाबा' म्हणशील, पांघरूण सारखं करशील आणि दार ओढून घेशील."

गणिताच्या बाईंच्या हातातली गुंडाळणारी मोजपट्टी सुटून सर्रकन डबीत गेली. जावईबापू खाली बघून फुटलेल्या पुलाचे तुकडे जुळवत होते. मला त्या माणसाला बोलायला त्या घडीलाही काही तरी हवं होतं, आणि काही सापडत नव्हतं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. की तुम्ही चुकताय, बाबा. की माझी आई गेली तेव्हा मी नव्हते आणि ते मला अजून बोचतं आहे. की मी तुमच्याशीही भांडू शकते, एकदा संधी तरी द्या. यातलं एक जरी वाक्य मी त्या टेबलापाशी उभं राहून बोलले असते, तर आज ते कदाचित माझ्याकडे असते. तीस वर्षांची सवय. माणूस पलंगावर असला, म्हातारा असला, हट्टाला पेटला, की माझ्या तोंडातून एकच उत्तर जातं, आणि तेच गेलं.

मी म्हणाले, "हो, बाबा."

आणि दार ओढून घेऊन बाहेर पडले.